धुळ्याहून स्की माउंटेनियरिंगकडे: पहिल्या हिवाळ्याची तयारी

प्रश्न धुळ्याच्या एका धावपटू तरुणीचा आहे. थोडक्यात असा: "हाफ मॅरेथॉन पावणेदोन तासांत पळते, आठवड्यातून दोनदा लळिंगचा किल्ला चढते. बर्फ आयुष्यात एकदाच मनालीला पाहिला. 2026 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्की माउंटेनियरिंग पाहिलं तेव्हापासून डोक्यात तेच आहे. येत्या हिवाळ्यात बॅककंट्री स्कीइंग शिकून एखाद्या शर्यतीत उतरता येईल का? आणि हलकी रेस स्की आताच घेऊन ठेवू का?"

शर्यतीत उतरता येईल, पण कोणत्या शर्यतीत ते नीट निवडावं लागेल. रेस स्की मात्र आता घेऊ नका. तो पैसा बर्फावरच्या दिवसांसाठी आणि हिमस्खलनाच्या प्रशिक्षणासाठी ठेवा. हा खेळ म्हणजे स्की घालून बर्फाचा डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा आणि स्कीवरच उतरायचा; तयार उतारांबाहेरच्या रानातल्या स्कीइंगला बॅककंट्री म्हणतात. यातली चढाई तुम्ही धुळ्यात राहून बऱ्यापैकी तयार करू शकता. उतरण मात्र बर्फाशिवाय शिकता येत नाही, आणि मैदानी भागातून येणारे दमदार धावपटू अडकतात ते तिथेच. चढून सगळ्यांच्या पुढे माथ्यावर पोहोचायचं आणि खाली येताना दर दहा मीटरला पडायचं, यात वेळ जातोच, गुडघाही जातो.

आधी शर्यतींचे प्रकार पाहू. फेब्रुवारी 2026 मध्ये बोर्मिओला या खेळाचं ऑलिंपिक पदार्पण झालं तेव्हा तिथे पुरुष आणि महिलांची स्प्रिंट आणि मिश्र रिले, एवढेच प्रकार होते. स्प्रिंट म्हणजे साधारण 70 मीटरची चढाई आणि लगेच उतरण. अव्वल खेळाडू ती तीनेक मिनिटांत संपवतात. त्या तीन मिनिटांत स्किन (स्कीच्या तळाला चिकटवायची, मागे घसरू न देणारी पट्टी) लावून चढायचं, स्की पाठीवर अडकवून बुटांनी पायऱ्या चढायच्या, पुन्हा स्की घालायची, माथ्यावर स्किन काढायची आणि झेंड्यांनी आखलेल्या दारांमधून खाली यायचं. टीव्हीवर ती छोटी आणि सोपी वाटते. प्रत्यक्षात नवख्यासाठी सगळ्यात निर्दय प्रकार तोच, कारण हात थरथरत असताना प्रत्येक हालचाल बिनचूक व्हावी लागते. 'इंडिव्हिज्युअल' म्हणजे तासा-दीड तासाची किंवा त्याहून मोठी, अनेक चढ-उतारांची शर्यत. तिच्या उतरणी पिस्टबाहेरच्या, म्हणजे दाबून तयार केलेल्या उतारांबाहेरच्या असतात. 'व्हर्टिकल' मात्र फक्त चढाईची: खाली सुरुवात, वर शेवट, मध्ये उतरण नाही. तुमच्या पायांना पहिल्या हिवाळ्यात शोभेल अशी शर्यत हीच. भारतात खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमध्ये गुलमर्गला हा खेळ घेतला जातो. तिथवर जायची निवड राज्य संघटनेमार्फत होते, म्हणून ती चौकशी पावसाळ्यातच करा.

आता जूनपासून डिसेंबरपर्यंत खान्देशात काय करायचं ते.

धावणं कमी करा, चढणं वाढवा. तुमचं हृदय आणि फुप्फुसं तयार आहेत, पण सपाटीवर पळणाऱ्याची पोटरी आणि नितंबाचे स्नायू तासभर सलग चढाला सरावलेले नसतात. आठवड्याचा हिशेब किलोमीटरमध्ये न ठेवता चढलेल्या मीटरमध्ये ठेवा. घड्याळातला बॅरोमीटर चालतो. नसेल तर लळिंगच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची एकदा मोजून फेऱ्यांनी गुणा. सुरुवात आठवड्याला 600 ते 800 मीटर, आणि नोव्हेंबरपर्यंत 2,000 मीटर. दर चौथ्या आठवड्यात हा आकडा जवळपास निम्म्यावर आणा. त्या आठवड्यात पाय हलके वाटतात म्हणून जास्त करायचा मोह होतो, पण पायांना बळ येतं ते त्याच विश्रांतीत.

पाचपैकी चार दिवसांची चढाई हळू असू द्या. हळू म्हणजे इतकी, की सोबतच्या माणसाशी अहिराणीत पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. उरलेल्या एका दिवशी तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा जोरदार चढाया करा आणि मध्ये चालत खाली या. सप्टेंबरनंतर असे दिवस आठवड्याला दोन. ट्रेकिंग पोल पहिल्या दिवसापासून हातात हवेत. शर्यतीत दंड आणि पाठ बरंच काम करतात, आणि धावपटूंचा हाच भाग कच्चा असतो. पोलची लांबी नेहमीच्या ट्रेकपेक्षा पाच-दहा सेंटिमीटर जास्त ठेवा.

महिन्यातून एक लांब दिवस सातपुड्याला द्या. तोरणमाळचा घाट पायी चढून उतरणं किंवा दिवाळीतल्या यात्रेची गर्दी टाळून अस्तंबा, हे उत्तम दिवस आहेत. जळगावकडच्यांना यावल आणि पालच्या बाजूचे डोंगर आहेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या बेसाल्टवर घाई नको. घोटा एकदा मुरगळला की पुढे स्की बूट घालताना तो दर वेळी आठवण करून देतो. मार्च ते मे चढाई पहाटेच संपवावी लागते हे खान्देशात कुणाला सांगायला नको.

उतरणीसाठी मांड्या वेगळ्या तयार कराव्या लागतात. स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलायचा असतो, म्हणून पायऱ्या चढून हे बळ येत नाही, उतरूनच येतं. एका पायावर हळू बसणं, प्रत्येक पायाने आठचे तीन संच. भिंतीला पाठ लावून काटकोनात बसणं, 60 सेकंदांपासून वाढवत दोन मिनिटांपर्यंत. पायऱ्यांवरून बाजूला उड्या मारून गुडघा आत न वळता थांबणं. पायाला वजनं बांधून पळू नका. स्कीचं वजन चढताना उचलायचं नसतंच, ते सरकवायचं असतं. वजन बांधून पळल्याने उलट पाय उचलायची चुकीची सवय लागते.

पुढचा भाग सामानाचा. इथे जरा थांबून वाचा, कारण बॅककंट्रीतली बरीचशी फजिती इथे सुरू होते.

स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटणारी लव असलेली पट्टी. पूर्वी ती सीलच्या कातडीची असे, म्हणून हे नाव. लव मागच्या दिशेला झुकलेली असल्याने स्की पुढे सरकते आणि मागे घसरू लागली की लव उभी राहून धरते. मोहेरची (अंगोरा बकरीच्या लोकरीची) स्किन जास्त सरकते, नायलॉनची जास्त धरते आणि जास्त टिकते. पहिल्या हंगामाला दोन्हींचं मिश्रण असलेली घ्या. तिची दुसरी बाजू गोंदाची, आणि खान्देशात जपायचा तो हा गोंद. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. त्या उष्णतेत गोंद पातळ होऊन लवेत उतरतो आणि स्किन कायमची निकामी होते. गोंदावर स्किनसोबत मिळणारी जाळी लावा, हवाबंद पिशवीत घाला आणि उन्हाळाभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. दुसरा शत्रू कापूस. जिनिंगच्या दिवसांत हवेत उडणारा तंतू, सतरंजीचे धागे, गोधडीचा कापूस, सगळं गोंदावर बसतं आणि पुन्हा निघत नाही. घरी सराव करताना खाली सतरंजी नको, पुसलेली ताडपत्री घाला.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला जोडणारं साधन. या खेळात ते पिनचं असतं. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना खळगे असतात, त्यांत दोन पिना बसतात आणि टाच मोकळी राहते. चढताना पुढची कळ वर ओढून कुलूप लावायचं, म्हणजे स्की पायातून सुटत नाही. उतरण्याआधी ते कुलूप काढायचं. विसरलात तर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि पिळ गुडघ्याला बसेल. हिमस्खलनात तर पायातली न सुटणारी स्की माणसाला खाली ओढते. दुसरी नेहमीची अडचण म्हणजे पिनांच्या खाली किंवा बुटाच्या खळग्यात साचलेला बर्फ. कळ बंद झालेली दिसते, पण पिना पूर्ण बसलेल्या नसतात आणि दहाव्या पावलाला स्की निघते. म्हणून स्की घालण्याआधी पोलच्या टोकाने खळगे खरवडा. पिना बसल्यावर टाच चार-पाचदा वर-खाली झुलवून मगच कुलूप लावा.

बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. टाच भिंतीला लावून उभं राहा, पूर्ण भार द्या आणि लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा. 24.5 आलं तर माप 24.5. 'जाड मोजे घालीन' म्हणून मोठा बूट घेऊ नका. टाच उचलली जाते आणि तासाभरात फोड येतो. उलट घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही आणि हिमदंश तिथूनच सुरू होतो. एकच पातळ लोकरी मोजा पुरतो. चपला-सँडलवर वाढलेला आपला पंजा बहुधा रुंद असतो. त्यामुळे उष्णतेने साचा बदलता येणारा आतला बूट असेल तर दुकानातच तो पायावर बसवून घ्या.

स्की पहिल्या वर्षी भाड्याने. मधली रुंदी 80 ते 90 मिलिमीटर आणि उंची हनुवटीपासून नाकापर्यंत असलेली टूरिंग स्की शिकाऊला सांभाळून घेते. शर्यतीच्या स्कीला नियमानुसार पुरुषांसाठी किमान 160 आणि महिलांसाठी 150 सेंटिमीटर लांबी लागते, आणि बाइंडिंगसह एका स्कीचं वजन 700-750 ग्रॅमच्या आसपास असतं. पायाखाली ती इतकी अरुंद आणि हलकी असते, की तुटक्या, कडक बर्फावर थरथरते. वळणं पक्की झालेल्याला ती वेग देते, कच्च्याला फक्त पाडते.

कपड्यांत सुती काही नको. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे सांगणं जिवावर येतं, पण सुती बनियन चढताना घाम पितं आणि माथ्यावर वारा लागताच अंगावर गार फडक्यासारखं चिकटतं. आतून लोकर किंवा पॉलिएस्टर, वर वारा अडवणारं पातळ जाकीट आणि पिशवीत थांबल्यावर घालायचं उबदार जाकीट. चढायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे; सुरुवातीलाच ऊब वाटली तर कपडे जास्त झालेत.

बूट, स्की आणि स्किन आठवडाभर जरी मिळाली, तरी ट्रान्झिशनचा सराव अंगणात होतो. ट्रान्झिशन म्हणजे चढाईच्या अवस्थेतून उतरणीच्या अवस्थेत जाणं. क्रम कायम एकच ठेवा: पोल बाजूला आडवे, दोन्ही बुटांच्या कळा उतरणीच्या स्थितीत, मग एका स्कीची स्किन टोकाकडून धरून मागे खेचायची, गोंदावर गोंद दुमडून जाकिटाच्या आत, मग दुसरी, बाइंडिंगचा मागचा भाग फिरवून बुटाची टाच त्यात दाबायची, पुढचं कुलूप पाहायचं, पोल उचलायचे. शर्यतीच्या स्किनला फक्त टोकाला खाचेत बसणारा फास असतो, शेपटीला आकडा नसतो, म्हणून स्की न काढता ती ओढता येते. स्किन जाकिटात किंवा पिशवीत नीट न ठेवता पुढे गेलात तर शर्यतीत वेळेचा दंड बसतो. नवखा माणूस या सगळ्याला दोन-तीन मिनिटं घेतो. अव्वल खेळाडू दहा-पंधरा सेकंदांत संपवतात. रोज दहा वेळा करा, पण पहिले दोन आठवडे घड्याळ लावू नका. क्रम हाताला पाठ झाला की वेग आपोआप येतो. पुढे रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून बादलीत टाका, हात अर्धा मिनिट बुडवा आणि ओल्या हातमोज्यांनी तेच करा. गारठलेल्या बोटांना फास सापडत नाही हे तेव्हा कळतं. लगेच जिना दोनदा पळत चढून पुन्हा करा.

हिमस्खलनाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं संकेतयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी) आणि फावडं ही तीन साधनं आणि ती वापरण्याचा सराव नसेल तर पिस्टच्या बाहेर एक पाऊलही टाकू नये. 1 फेब्रुवारी 2023 रोजी गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले. गोंडोला (तारेवरची केबल कार) तुम्हाला 3,900 मीटरच्या वर सोडते, म्हणून तो डोंगर रिसॉर्टचाच वाटतो, पण ठरलेल्या उतारांबाहेरचा भाग रानच आहे.

घातक स्खलन बहुतेक स्लॅबचं असतं. ज्वारीच्या दाण्यांवर ठेवलेली फरशी डोळ्यांपुढे आणा. खाली साखरेसारखा दाणेदार, न जुळलेला बर्फ, वर वाऱ्याने दाबून बसवलेला घट्ट थर. माणसाच्या वजनाने खालचे दाणे कोसळतात आणि अख्खी फरशी निघते. माणूस सापडतो त्या स्खलनांपैकी बहुतेक त्याने स्वतः किंवा त्याच्याच तुकडीने सोडवलेली असतात. धोक्याचा उतार 30 ते 45 अंशांचा. हा कोन डोळ्याला शिकवायची सोय पांझरा नदीच्या पात्रात आहे: कोरड्या वाळूचा ढीग आपोआप 30 ते 35 अंशांवर स्थिरावतो. त्याच्याकडे बाजूने पाहा, फोनच्या कोनमापकाने मोजा, मग लळिंगच्या धारेवर अंदाज बांधा आणि पुन्हा मोजा. चार महिन्यांत अंदाज दोन-तीन अंशांच्या आत यायला लागतो. बर्फावर पायाखाली 'धप्प' असा बसका आवाज आला, स्कीपासून भेग पळत गेली, कालच मोठा बर्फ पडला किंवा वाऱ्याने नेऊन टाकला, किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर त्या दिवशी 30 अंशांखालीच राहायचं. इथे चर्चेला जागा नाही. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. ते रोज सकाळी पाहा, पण ते जिल्ह्याचे असतात. समोरच्या उताराचा निर्णय तुमचाच.

बीकनचा शोध कोरड्या वाळूत चांगला शिकता येतो. चालू बीकन स्टीलच्या नव्हे, प्लास्टिकच्या डब्यात घालून पात्रात अर्धा-एक मीटर खोल पुरा. जागा दुसऱ्याने निवडावी. शोधणाऱ्याने बीकन 'शोध'वर टाकून फोनपासून किमान 50 सेंटिमीटर दूर ठेवायचं. आधी पट्टे पाडत चालायचं, संकेत मिळाला की बाणामागे, बीकनवरचा अंतराचा आकडा (अंदाजे मीटरमध्ये) 10 खाली गेला की वेग कमी. 3 च्या खाली बीकन जमिनीलगत आणून कडेकडेने एका रेषेत, मग काटकोनात, सगळ्यात लहान आकडा शोधायचा. बीकन इथे फिरवायचं नाही. फिरवलं की आकडे खोटे होतात. प्रोब वाळूत शिरत नाही, म्हणून तो सराव भुशाच्या ढिगात करा. आत कपड्यांनी भरलेलं पोतं आणि एक लाकडी फळी लपवा आणि दोन्हींवर प्रोब लागण्यातला फरक हाताला कळू द्या. खोदायला मात्र पुन्हा वाळूच बरी. थेट प्रोबवर खड्डा करायचा नाही. प्रोब जितका आत गेला त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जाऊन आडवं आत खोदत यायचं. गाडला गेलेला माणूस जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, आणि त्यातला सर्वाधिक वेळ खोदण्यात जातो. फावडं धातूचंच हवं. बीकनच्या अल्कलाइन बॅटऱ्या हंगाम संपताच काढून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात त्या गळून आतले संपर्क खातात.

बर्फावर जायचा बेत असा. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तीन आठवडे काढता आले तर बरं. गुलमर्गची आयआयएसएम ही स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था, पहलगामची जवाहर संस्था, मनालीची अटलबिहारी संस्था आणि औलीत गढवाल मंडळ, यांचे एक-दोन आठवड्यांचे स्की अभ्यासक्रम असतात आणि जागा लवकर भरतात. पहिले दोन आठवडे लिफ्टवरच काढा. चढाईत दम घालवून उतरण शिकू नका, कारण थकलेला पाय चुकीचं वळण पाठ करतो. दिवसभरात चढून दोन-तीनच उतरणी होतात, लिफ्टने पंधरा-वीस. निळ्या, म्हणजे सोप्या उतारावर दोन्ही बाजूंना समांतर वळणं न थांबता जमली, कडक बर्फावर बाजूने घसरत उतरता आलं, की तिसरा आठवडा स्किन लावून, प्रमाणित मार्गदर्शकासोबत.

चाळीसगाव, जळगाव किंवा भुसावळहून झेलम एक्सप्रेस जम्मू तावीपर्यंत जाते. पुढे श्रीनगर आणि तंगमर्गमार्गे गुलमर्ग. धुळे समुद्रसपाटीपासून अडीचशे-तीनशे मीटरवर, गुलमर्ग 2,650 मीटरवर. पहिले दोन दिवस घाम येईल असं काही करू नका. पाणी पीत राहा, रात्री डोकं दुखलं तर दुसऱ्या दिवशी गोंडोलाने वर जाऊ नका.

चढताना दोन गोष्टी बघा. स्की उचलू नका, कमरेतून पुढे सरकवा. पायाखाली 'सर्र' असा सलग आवाज आला पाहिजे. आणि वजन टाचेवर ठेवा. घसरेल या भीतीने माणूस पुढे झुकतो, त्याने लवेवरचा दाब कमी होतो आणि स्की खरोखर घसरते. उभ्या उतारावर नागमोडी चढताना किक टर्न लागतो: वरची स्की नव्या दिशेला आडवी टेकवायची, तिच्यावर पूर्ण भार द्यायचा, मग खालच्या पायाची टाच मागे झटकायची म्हणजे स्कीचं टोक वर येतं आणि ती वळते. बहुतेक जण भार अर्धाच देतात आणि दोन्ही पायांमध्ये फाकून अडकतात. हा अंगणात सपाटीवर शंभर वेळा करून जा.

उन्हातून सावलीत शिरलं की ओल्या स्किनवर बर्फाचे गोळे धरतात. स्कीच्या कडेवर स्किन घासून ते काढा आणि साधी मेणबत्ती लवेच्या दिशेने चोळा. गोंद सुटला तर स्किन छातीशी, जाकिटाच्या आत दहा मिनिटं धरा आणि रबरी पट्ट्याने स्कीला आवळा. असे दोन पट्टे पिशवीत कायम हवेत.

खाणं तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. शेंगदाण्याची चिक्की उणे दहाला दगड होते, दाताचा तुकडा पडेल. राजगिऱ्याचा लाडू ठिसूळ राहतो, गुळातली दशमी अंगालगतच्या खिशात मऊ राहते. पाण्याची नळी गोठते. बाटली उलटी ठेवा, म्हणजे बर्फ तळाशी धरेल आणि तोंड मोकळं राहील.

फेब्रुवारीत व्हर्टिकल मिळाली तर पहिली दहा मिनिटं मुद्दाम मागे राहा. 2,700 मीटरवर धुळ्याच्या वेगाने सुटलात तर पाचव्या मिनिटाला पाय भरतात आणि ते पुढे मोकळे होत नाहीत. स्टार्टच्या आधी वीस मिनिटं अंग गरम करा, स्किन शेवटपर्यंत जाकिटात उबदार ठेवा आणि लावताना स्कीचा तळ कोरडा पुसा. हेल्मेट गिर्यारोहण आणि स्कीइंग या दोन्ही मानकांचं लागतं, तपासणीत तेच आधी पाहतात. तोवर अंगणातला ट्रान्झिशनचा वेळ 40 सेकंदांच्या आत आणि लिफ्टवरच्या उतरणी दोनशेच्या पुढे गेल्या असतील, तर पुढच्या हंगामासाठी रेस स्की घ्यायचा विचार करा, त्याआधी नको.